टेबलावरून

आज आमच्या हॉटेलात त्यांनी दिवे लावलेत.
भर दुपारी संध्याकाळ करायची आहे म्हणे.
खिडक्यांना नारिंगी कागद, त्यामागे वॉशिंग्टनचा घुमट पुसट,
आणि सात नंबरला तो बसलाय.
तो नव्हे, त्याचं सोंग घेतलेला नट.
मिशी बरोबर आहे. हात चुकलेत.
ऑरिन हॅल्स्टेड हात असे नाचवायचा नाही,
टेबलावर ठेवून नुसती बोटं उघडायचा,
जणू आत काही होतं आणि आता ते तुमचं आहे.

दिग्दर्शिका विचारते, वोंडवोसेन, तो काय खायचा?
फारसं काही नाही, मी म्हणतो.
भरवायचा.

सिनेटरांच्या हाताखालची पोरं यायची,
पंचविशीची, उसन्या टायमधली,
आधी कानकोंडी,
तिसऱ्या खेपेला मेनूकार्ड न बघता मागवणारी.
कायद्यातली एक ओळ खोडायची म्हणजे
दोन बाटल्या
आणि कुणाच्या तरी मेहुण्याला नोकरी.

लोक म्हणतात, टेबलाखालून चालतं सगळं.
एकवीस वर्षं मी टेबलं पुसतोय.
खाली बूट असतात,
चघळून चिकटवलेलं च्युइंगगम.
बाकी सगळं वर, पांढऱ्या कापडावर,
मी मधे उभा राहून मिरपूड दळत असताना.

एकदा एक बाई आली, आर्लिन कॅडॉट,
उत्तरेकडच्या तळ्यांवरून, आपल्या जमातीची खजिनदार.
एकची वेळ दिली होती त्याने.
फाइल मांडीवरच, टेबलावर ठेवावी की नाही ठरेना.
जुगारघराचा परवाना टिकावा म्हणून
त्यांनी त्याला किती पाठवले तो आकडा
मी पुढे कोर्टात ऐकला.
त्या दिवशी फक्त ऐकलं: सूप.
आणि पावाचे वेगळे पडतात का?

तीन वाजले. चार.
तो आमच्याच माडीवर होता,
तिचाच परवाना हाणून पाडायला
पैसे देणाऱ्यांच्या पंगतीत.
मला ठाऊक होतं.
वर बर्फ मीच नेत होतो.
खाली येऊन तिला म्हटलं,
येतीलच एवढ्यात.

जाताना तिने बशीखाली सुटे ठेवले, मोजून,
आणि एक कागदी पुडी.
रानतांदूळ. काळा, सुईसारखा.
आमच्या तळ्यातला, म्हणाली,
होडीत बसून काठीने झोडतो आम्ही.

ज्यूरीपुढे मी सगळं सांगितलं,
बिलं, तारखा, कोण कुणाशेजारी.
वकिलाने विचारलं, आणि तुम्हाला त्याने काय दिलं?
टिप, मी म्हटलं.
सगळे हसले.
त्या टिपेतून गोंदरला आईचे दोन्ही मोतीबिंदू काढले,
हे मी बोललो नाही.
पट्टी सुटली तेव्हा फोनवर म्हणाली होती,
तुझ्या त्या साहेबाचं भलं होवो.

खाल्ल्या मिठाला जागावं.
पण मीठ मुळात कुणाचं, ते कुठल्या बिलावर छापतात?
मागे मागे हिशेब करत गेलो तर
माझ्या आईची नजर
आर्लिनच्या तळ्यापाशी पोचते.

आर्लिन सिनेमात नाही.
लांबी वाढत होती, म्हणाले.
माझं काम एका देखण्या पोराकडे आहे,
वाक्य एकच: आणखी काही, सर?
ट्रे कसा धरायचा ते मी शिकवलं त्याला.

कट. पुन्हा. कट.
नट हात नाचवतोच आहे.
शेवटी मीच पुढे होऊन
त्याची बोटं उघडली, एकेक.
अशी.
तो आपल्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहिला
आणि कुणीतरी म्हणालं, हेच, हेच हवं होतं.

रात्री घरी येऊन पुडी काढली. नऊ वर्षांची.
फार वेळ शिजतो तो.
आधी नुसताच उकळत राहतो, अंगाला लावून घेत नाही,
मग कधीतरी एकेक दाणा उलतो,
आत राखाडी पांढरा.

वाडगं घेऊन ओट्याशीच उभा राहिलो.
मीठ घातलं नाही.